राणीचा तिसरा चेहरा

गल्लीत त्याला सगळे डोळेवाला म्हणत. स्टुडिओच्या पाटीवर दुसरंच काही लिहिलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. ग्रुप फोटोत एक जण हमखास डोळे मिटून बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्यासाठी फोटो काढला तोच तो असतो. अशा माणसांचे डोळे उघडून द्यावेत ते यानंच. निवृत्त होणारे साहेब, बक्षीस घेणारी मुलगी, आणि अधूनमधून एखादा म्हातारा, ज्याचा दुसरा फोटो घरात नाही आणि ज्याचे डोळे आता फक्त कॉम्प्युटरवरच उघडायचे राहिलेत. तो नातेवाइकांना विचारायचा, "कसे होते डोळे? बारीक की टपोरे? रागीट होते का?" शेवटच्या प्रश्नावर घरची माणसं एकमेकांकडे बघत आणि मग कुणीतरी हळूच म्हणे, "रागीटच होते हो. पण तसे नका काढू."

तो तसे काढत नसे. लोकांना हवे तसे डोळे, हवं तसं हसू, हवा तसा कोट तो देई. त्याचं पोट त्यावरच चाललं होतं.

त्याची ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, वडील पाळीच्या नोकरीत, त्यामुळे घरात हुकूम चाले तो ताईचाच. दप्तर तपासणं, नखं कापणं, आणि हा नापास झाला की वडिलांपुढे आधी आपण जाऊन उभं राहणं, ही सगळी खाती तिच्याकडे होती. पुढे ती नर्स झाली. लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून थोडा घरी. मुलगी आणि वॉर्ड, दोन्ही तिनं एकटीनं वाढवलं म्हणायला हरकत नाही. दवाखान्यात तिला मोठ्या सिस्टर म्हणत. राउंडला येणारे नवे डॉक्टर तिच्या वॉर्डाच्या दाराशी नकळत बूट पुसत.

जुन्या मेट्रन निवृत्त झाल्या, तेव्हा ती जागा ताईची, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात नाव जाहीर व्हायचं होतं. फोटोंचं काम ताईनंच शब्द टाकून भावाला मिळवून दिलं. सकाळी फोन करून बजावलंही, "माझे जास्त काढू नकोस हं. लोक म्हणतील, भाऊ आहे." मग थोडं थांबून, "पण एखादा बरा काढ."

अध्यक्षांनी माईक हातात घेतला. ज्यांनी या संस्थेला आपलं घर मानलं, ज्यांनी रुग्णांना आपलं माणूस मानलं, असं वाक्य लांबत लांबत गेलं, आणि ताई खुर्चीवरून निम्मी उठली. आणि नाव आलं ते दुसरंच. विश्वस्तांच्या नात्यातल्या, बाहेरून आणलेल्या एका बाईंचं. ताईनं आपलं उठणं वाया जाऊ दिलं नाही. पूर्ण उभी राहून तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सगळ्यांच्या आधी. सभागृहाला वाटलं, काय मोठं मन आहे बाईंचं! लांब भिंतीशी उभ्या असलेल्या भावाच्या डोळ्याला मात्र मोठी लेन्स होती. त्याला दिसलं ते असं: हात टाळ्या वाजवतायत, ओठ हसतायत, आणि डोळ्यांना अजून कुणी कळवलेलंच नाही.

त्याचं बोट बटणावरून उठलं नाही. सवयीचं बोट ते.

कार्यक्रमानंतर जिन्यात ताईनं त्याला गाठलं. "माझे काढलेस?"

"थोडे."

"ते नाव घेतलं, तेव्हाचे?"

तो लेन्सचं झाकण शोधत राहिला.

"काढून टाक," ती म्हणाली. "इथे नको, घरी जाऊन. पण काढून टाक. माझी शपथबिपथ घालत नाही, सांगतेय तेवढं कर."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काढलेस?"

"काढले ग."

"बरं."

त्या दिवसाचा विषय पुन्हा दोघांमध्ये निघाला नाही. ताई नव्या मेट्रनबाईंच्या हाताखाली मान ताठ ठेवून काम करत राहिली. डोळेवाल्यानं खरंच सगळे फोटो पुसले होते. एक सोडून. त्याचं कारण साधं होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. फोटो चांगला आला होता. आयुष्यभर लोकांना खोटं हसू चिकटवणाऱ्या माणसाच्या हाती एकदाच काहीतरी खरं लागलं होतं, आणि ते पुसायला त्याचा हात धजला नाही.

आता त्याच्या दुसऱ्या आयुष्याबद्दल सांगायला हवं. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा स्टुडिओचं शटर अर्धं ओढून तो राजे काढत बसे.

त्याला एका खेळाचं वेड होतं. कॉम्प्युटरवरचा, इतिहासाचा खेळ. एक लोकसमूह हाती घ्यायचा, नदीकाठी पहिली वस्ती टाकायची आणि ती शतकांमागून शतकं रेटत न्यायची. वाटेत दुसरे राजे भेटतात, पडद्यावर समोर येऊन उभे राहतात, तह करतात, धमकावतात, हरतात. मूळ खेळात सगळी बड्या साम्राज्यांची वर्दळ. इतिहासानं ज्यांची दीड ओळीत बोळवण केली, त्यांना तिथे जागा नव्हती. ती जागा खेळणारेच करत. नवे लोक, त्यांचे राजे, त्यांची शहरं स्वतः तयार करून मूळ खेळाला जोडत. तयार सदऱ्याला घरी खिसा लावून घ्यावा तसं हे काम. त्याला मॉड म्हणतात. मोबदला शून्य, पण जगभरातली माणसं तो खिसा वापरतात आणि शिवणाऱ्याचं नाव घेतात. डोळेवाल्याचं नाव दुसरीकडे कुठे कोण घेणार होतं?

या कामात त्याचा जोडीदार होता प्रोफेसर. तो प्रोफेसर नव्हता. दूरच्या एका शहरात वीज कंपनीच्या खिडकीवर बिलांच्या तक्रारी ऐकायचा. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मुळात'नं करायचा, म्हणून हे नाव पडलं. दोघं कधी भेटले नव्हते. कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बोलत मात्र. लोक कोणते, त्यांचं वैशिष्ट्य काय, हे प्रोफेसर ठरवणार. राजाचे चेहरे डोळेवाला काढणार. चेहरे तीन: पहिल्या भेटीचा, युद्ध पुकारल्याचा आणि हरल्यानंतरचा.

प्रोफेसरचा एकच हट्ट असे. वेगळेपण. "मुळात झेंड्याचा रंग बदलला म्हणजे नवे लोक होत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे नाही अशी एक गोष्ट त्यांच्याकडे पाहिजे. नाहीतर कशाला आणायचे ते खेळात? गर्दी करायला?"

असेच त्याला एकदा खारे लोक सापडले. समुद्राच्या दलदलीत राहून मीठ पिकवणारे. त्यांच्याबद्दल उरलं होतं ते त्यांच्या शत्रूच्या शिलालेखात, आणि तेही एवढंच, की यांची राणी हरली आणि तिला मिरवत आणलं. तिचं नाव नाही, वर्णन नाही.

"राणीचा चेहरा कुणावरून काढायचा?" डोळेवाल्यानं विचारलं.

"मुळात काहीच उरलेलं नाही, त्यामुळे तू राजा आहेस. काढ मनाला येईल तशी."

मनात ताई आली. ती आणावी लागली नाही, तिथेच होती. आधी राणी ताई झाली, मग हळूहळू सगळे खारे लोकच ताई झाले. प्रोफेसर अडला की डोळेवाला सुचवायचा. जखमी तुकडी दुसऱ्या तुकडीच्या शेजारी उभी राहिली की आपोआप बरी होते, असं करू या का? शहर वेढलं गेलं तरी कोठारातलं मीठ पुरवून पुरवून उपासमार लांबवता येते, हे चालेल? हे सगळं त्यानं ताईच्या वॉर्डात आणि ताईच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं होतं. प्रोफेसर खूश झाला. "मुळात तू माणूस कामाचा आहेस रे! हे कुठून सुचतं तुला?"

पहिला चेहरा पटकन जमला. वॉर्डाच्या दाराशी उभी असलेली ताई. नातेवाइकांना या म्हणते, पण चपला बाहेर काढायला लावते. दुसराही जमला. ताई चिडली की तिचा आवाज खाली येतो आणि डावी भुवई किंचित वर जाते. समोरच्याला तेवढं पुरतं.

घोडं अडलं तिसऱ्यावर. हरलेल्या राजाचा चेहरा पडद्यावर घटकाभरच येतो, पण जिंकणाऱ्यानं सगळा खटाटोप त्यासाठीच केलेला असतो. डोळेवाल्यानं राणीला रडवलं.

"मुळात ही रडतेय," प्रोफेसर म्हणाला.

"हरल्यावर माणूस रडतं, प्रोफेसर."

"रडतं ना. पण आपल्याकडचे रडणारे मोज. डोंगरातला तो राजा रडतो, बेटावरची म्हातारी रडते, आता ही. लोक वेगळे, मीठ वेगळं, राणी वेगळी, आणि हरल्यावर सगळ्यांचा नळ एकच? बदल."

त्यानं तिला संतापलेली काढली. दगडासारखी काढली. पाठमोरी काढली, तर प्रोफेसर म्हणाला, "चेहरा जमत नाही म्हणून पाठ दाखवतोस होय रे?" ते शब्द झोंबले, कारण ते खरे होते.

मग एका दुपारी शटर नेहमीपेक्षा थोडं जास्त खाली ओढून त्यानं तो फोटो उघडला.

आपण ताईचा मान वाढवतोय, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते समजावणं फार जड गेलं नाही. नर्सच्या टोपीच्या जागी मिठानं पांढरा पडलेला पट्टा आला. सभागृहातल्या खुर्च्या गेल्या, मशाली आल्या, मागे भालेवाले उभे राहिले. नाक त्यानं जाणूनबुजून बदललं. पण हात तसेच ठेवले, टाळीसाठी उचललेले. ओठ तसेच. आणि ज्यांना अजून कुणी कळवलेलं नाही ते डोळे, ते तर त्यानं श्वास रोखून उतरवले. खाऱ्या लोकांची राणी आपल्याला हरवणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत उभी राहिली.

प्रोफेसर बोलला तेव्हा 'मुळात' विसरला. "ही कुठून आणलीस?"

"सुचली."

मॉड बाहेर पडला आणि दोघांच्या ध्यानीमनी नसताना राणी गाजली. लोक तिच्याशी केलेले तह मोडून लढाया करू लागले, निव्वळ तिला टाळ्या वाजवताना बघायला. कुणी लिहिलं, जिंकून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. कुणी लिहिलं, हा चित्रकार कोण आहे, याला शोधा. डोळेवाला दुपारी ते सगळं वाचत बसे. बाहेर पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक शटर वाजवून वाजवून निघून जाई. आयुष्यात पहिल्यांदाच तो बघणाऱ्याला नजर हलवू न देण्याइतका चांगला ठरला होता, आणि ते सुख त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

मग चित्र खेळातून सुटलं. कुणीतरी राणीचा तिसरा चेहरा कापून घेतला आणि त्याखाली एक ओळ टाकली: 'बढती शेजारच्या टेबलाला मिळाली तेव्हा मी.'

ती ओळ डोळेवाल्यानं पुन्हा पुन्हा वाचली. त्यानं नाक बदललं होतं, काळ बदलला होता, आख्खा समाज नवा उभा केला होता. आणि कुठल्याशा अनोळखी माणसानं, मागचं पुढचं काही माहीत नसताना, तो चेहरा नेमका कसला आहे ते ओळखलं होतं.

त्यानंतर राणी फोनाफोनांतून फिरू लागली. 'जुन्या मैत्रिणीच्या लग्नात मी.' 'घरमालकानं भाडं वाढवल्याचं सांगितलं तेव्हा मी.' लोकांना विनोद हवा होता, तो तिनं आयताच दिला.

ताईची मुलगी, म्हणजे त्याची भाची, कॉलेजचं काहीतरी छापून घ्यायला आली तीच हसत. "मामा, हे बघ. आईसारखी दिसते ना? माझा निकाल सांगितला की आई डिट्टो अशी हसते."

"काहीतरीच. आईचं नाक बघ आणि हे बघ."

"नाक सोड रे. हसू बघ ना!"

"आईला दाखवलंस?"

"आज दाखवणार. ती म्हणेल, मोबाईल ठेव आणि ताट घे."

"नको दाखवूस."

हे जरा घाईनं निघालं. भाचीनं त्याच्याकडे पाहिलं. "का?"

"असंच. आधीच कामानं पिचलेली असते. तिला कुठे असले थिल्लर प्रकार कळतायत."

"बरं," भाची म्हणाली आणि छापलेले कागद उगाच मोजत राहिली.

त्याच दिवशी त्यानं नवा तिसरा चेहरा काढून प्रोफेसरला पाठवला. मान खाली घातलेली एक बाई, कुणीही असेल अशी.

"मुळात तुझं डोकं फिरलंय," प्रोफेसर म्हणाला. "लोक तिच्यासाठी येतात. तीच आपली ओळख आहे. झालंय काय, ते तरी सांग."

ते त्याला सांगता येईना. हातापाया पडून त्यानं बदल करून घेतला. संध्याकाळपर्यंत खेळणाऱ्यांनी बोंबाबोंब केली आणि कुणीतरी जुना चेहरा परत बसवण्याची सोय करून सगळ्यांना वाटलीही. डोळेवाला एका जागी आवर घालत होता, तोवर राणी दहा ठिकाणी टाळ्या वाजवत होती.

ताई आली ती भर दुपारी, ड्यूटीच्या कपड्यांत. आत एक गिऱ्हाईक कॉलर सारखी करत बसलं होतं. त्याचा फोटो होईपर्यंत ती दाराशी उभी राहिली. ते गेल्यावर तिनं शटर स्वतःच अर्धं ओढलं, स्टुलावर बसली आणि फोन काउंटरवर ठेवला.

"हे तुझं ना?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. पण ती त्याचं दप्तर तपासत आलेली बाई होती. "हो," तो म्हणाला.

"हात ओळखले मी. चेहरा नव्हता ओळखला. आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? हात रोज बघते."

"तुला कुणी दाखवलं?"

"आमच्या ग्रुपवर आलं. ड्यूट्या लागल्या ना, एका नव्या मुलीनं टाकलं, 'रजा नामंजूर झाली तेव्हा आम्ही' म्हणून. सगळ्या खिदळल्या. मीपण तो हसरा चेहरा टाकला. मग एका जुन्या सिस्टरनं लिहिलं, 'अय्या, या तर आपल्या मोठ्या सिस्टर! मेट्रनबाईंचं नाव घेतलं तेव्हाच्या!' आणि लगेच पुसलं. पण मी वाचलं होतं." तिनं मान कॉम्प्युटरकडे वळवली. "मूळ दाखव."

"ताई..."

"म्हणजे आहे."

त्यानं फोटो उघडला. ताईनं चष्मा लावला. एखादा रिपोर्ट बघावा तसा तिनं तो पाहिला, वरपासून खालपर्यंत.

"मला वाटायचं, मी त्या दिवशी नीट हसले होते," ती म्हणाली.

"नीटच हसली होतीस. ही लेन्स मोठी होती ग, म्हणून..."

"त्या जुन्या सिस्टरकडे कुठे होती लेन्स? मागच्या रांगेत बसली होती ती." चष्मा काढून तिनं त्यावर नसलेली धूळ उगाचच पुसली. "रोज त्या बाईंच्या खोलीत फाइल घेऊन जाते मी. जागा गेली ती गेली. पण कुणाला काही कळू दिलं नाही, एवढं तरी आपल्याकडे आहे, असं वाटायचं मला. त्यावर चालले होते रे मी."

मग तो बोलू लागला. घाईघाईनं, एकावर एक. ही राणी म्हणजे तूच, हे सगळे लोकच तुझ्यावरून केलेत. त्यानं पहिला चेहरा दाखवला, दुसरा दाखवला. जखमी शिपाई एकमेकांच्या शेजारी बरे होतात ते दाखवलं, मिठाची कोठारं दाखवली. "हे तुझ्या वॉर्डावरून घेतलंय, ताई. जगात कुठल्याच राजाकडे हे नाही." रुग्णाच्या नातेवाइकाचं ऐकून घ्यावं, तसं तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि शेवटी?"

"शेवटी काय?"

"शेवटी ती हरतेच ना?"

"तसं काही नाही. खेळणारा कसा खेळतो त्यावर आहे."

"खेळणारे काय बघायला खेळतात?"

त्यानं पडद्यावरची मिठाची कोठारं बंद केली.

"तू लोकांचं हसू दुरुस्त करून देतोस ना? ते माझं दे करून," ती म्हणाली. "बघू तरी."

हा टोमणा होता. पण त्याला ते कळलं नाही, किंवा हाताला काहीतरी काम मिळालं याचाच इतका आधार वाटला की त्यानं ते कळून घेतलं नाही. तो लगेच बसला. डोळ्यांखालचा गाल किंचित वर घेतला. कडेला बारीक सुरकुती ओढली. बुबुळात थोडा उजेड ठेवला. हातचा मळ होता त्याचा. बघता बघता फोटोतली बाई मनापासून आनंदली. दुसरीचं भलं झालं म्हणून टाळ्या वाजवणारी एक मोठ्या मनाची बाई.

ताई वाकून बघत राहिली. "किती सोपं होतं," ती म्हणाली. "हेच का नाही दिलंस त्या राणीला?"

"मग तिच्याकडे कुणी बघितलं नसतं."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. असं काही आपण बोलणार आहोत हे त्यालाही माहीत नव्हतं. ताईनं मान हलवली, एखाद्या रुग्णानं शेवटी दुखणारी जागा दाखवावी आणि नर्सनं समजून हलवावी तशी. फोन पिशवीत टाकला, उठली, शटर वर ढकललं.

"जेवलास का?" सवयीनं तिनं विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता उन्हात उतरली.

त्यानं तो फोटो त्याच दुपारी पुसला, दुरुस्त केलेला आणि मूळचाही. या वेळी मागे काही ठेवलं नाही. फोन करून सांगितलं, "काढला ग ताई. खरंच काढला."

"बरं," ती म्हणाली.

प्रोफेसरला त्यानं सगळं सांगून टाकलं. "मुळात तू मला हे आधी सांगायला हवं होतंस," प्रोफेसर म्हणाला. मग खाकरला. "वाईट झालं रे. फारच वाईट झालं. पण... चित्र काढून नाही ना टाकायचं?" डोळेवाल्यानं हेडफोन उतरवून ठेवला. पुढच्या लोकांचे राजे काढायला प्रोफेसरनं दुसरा कुणी पाहिला. खारे लोक खेळात राहिले. त्यांच्या खाली चित्रकार म्हणून त्याचं नाव आहे, आणि ते काढायला तो कुणाला सांगत नाही.

बहीण-भावाचं बोलणं तुटलं वगैरे काही झालं नाही. तशी ती माणसंच नव्हेत. ताई सुट्टीच्या दिवशी पूर्वीसारखीच त्याच्याकडे येते. येताना डबा आणते, भांडी हिसकावून घासते, भाचीच्या तक्रारी सांगते, भाऊजींची बोट कुठे आहे ते सांगते. "वजन वाढलंय तुझं, जिना चढत जा," म्हणते. बाहेरच्यानं पाहिलं तर त्याला काही फरक दिसायचा नाही.

फक्त आता आल्यावर ती खिडकीतली जागा धरते, उजेडाकडे पाठ करून. पहिल्यांदा तशी बसली तेव्हा डोळेवाल्याला ते लगेच खुपलं. फोटो काढणाऱ्या माणसाला खुपतंच. मागून येणाऱ्या उन्हात खांदे आणि केसांची कड तेवढी उजळते, आणि मध्ये जिथे चेहरा असायला हवा तिथे काळोख.

"ताई, इकडे ये ना बसायला. ऊन लागेल पाठीला."

"लागू दे. बरं वाटतं."

तो दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे रे! दिवसाढवळ्या कसला दिवा लावतोस?" ती म्हणाली, आणि हसली असावी. आवाज तरी तसा आला.